कमरेला लाटणं, पोटाशी पोलकं

माझं नाव हौसा. माहेर वरच्या डोंगरात, सासर हितं मळवलीला रुळाकडंच्या वस्तीत. जन्म कवाचा ते इचारू नका ताई, पर त्या साली थंडी अशी पडलीवती की आय सांगायची, तू पयल्यांदा रडलीस तो आवाज गोठून आढ्याला चिकटला, तो उन्हाळ्यात खाली पडला. हसताय? हसा, पर निम्मं तरी खरं धरा.

तर लगीन झालं आन आत्याबाईंच्या, म्हंजी माझ्या सासूच्या, मागं मीबी लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर जाया लागले. काय सांगू तुमाला, चिक्की म्हंजी गुळाशी शर्यत. पाक दगडावर वतला की थिजायच्या आत लाटायचा, बोटं आखडली की घाणा वाया. आन आत्याबाईंची बोटं थंडीत लाकडावानी व्हायची. भट्टीजवळ बसल्या तर धा बायांना ऐकायच्या न्हाईत, पर वसरीवर बसल्या की संपलं. भट्टीजवळ उबंची जागा एकच. परत्येक बाईचं आपलं आपलं लाटणं, आन तितला रिवाज असा की सकाळी दार उघडल्यावर जिचं लाटणं आदी त्या जागंवर पडंल तिची दिसभर जागा. लाटणं पडलं म्हंजी बाई बसली, मालकबी उठवायचा न्हाई. ताराबाई म्हनून एक बाई दाराम्होरंच ऱ्हायची, ती रोज पयली. आमची लोकल पोचंस्तोवर तिचं बूड भाजून निघालेलं असायचं.

त्या थंडीत आत्याबाईंचे दोन घाणे वाया गेले. मालक म्हनला, म्हातारे, आनखी एक गेला तर घरीच बस, शिमगा झाल्यावर बगू. त्या सांजंला आत्याबाई जेवल्या न्हाईत. मी म्हनलं, द्या तुमचं लाटणं, मी लोकलच्या आदी पळत जाती. त्या म्हनल्या, तू? हिरीवरनं हंडा आणताना तीनदा बसतीस, तू पळणार?

पर लाटणं दिलं. तांबडं फुटायच्या आदी निघाले. अंगात दोन पोलकी, त्यावर नवऱ्याचा स्वेटर, त्यावर शाल, त्यावर घोंगडी. वलवण येईस्तोवर घामाचा पाट, पाट कसला, इंद्रायणीला पूर म्हना. भट्टीशी पोचले तर दार बंद. उबी ऱ्हायले आन त्यो घाम असा गार पडला, माझे दात असे वाजाया लागले, की टेसनावरचा हमाल गाडी आली म्हनून पागोटं सावरत उठला. दार उघडलं, लाटणं टाकाया गेले तर मूठच सुटंना! ताराबाईनं हासत हासत आपलं टाकलं, म्हनली, शेकाया आलीस व्हय गं? बस माझ्या मागं.

त्या दिशी आत्याबाईंनी वसरीवर बोटं तोंडात घालून घालून घाणा कसाबसा वाचवला. सांजंला चुलीम्होरं मला म्हनल्या, अगं म्हशे, पळणारी मानसं येवढं पांघरत्यात व्हय? मी गवताचा भारा घिऊन बाजाराला पळलेली बाई हाय, ऐक. घरातनं निघताना कुडकुडतच निघायचं, मैलभर गेलं की अंगच शेगडी व्हतं. कान बांधायचे, हात झाकायचे, बुटात भाताचा पेंढा घालायचा. आन एक कोरडं पोलकं पिशवीत गुंडाळून पोटाशी बांधायचं. थांबलं की आदी वलं काढायचं, मग दम खायचा.

दुसऱ्या दिशी एकच पोलकं, कानाला फडकं, हातात नवऱ्याचे पायमोजे, बुटात पेंढा, कमरेला लाटणं, पोटाशी पोलकं. पयला मैल जीव गेला. पुढं अंग असं तापलं ताई, की धुकं बाजूला सरून वाट द्याया लागलं, आन सहा कुत्री माझ्यामागं शेकत शेकत लोणावळ्यापतूर आली. लाकडाच्या ढिगाआड पोलकं बदललं, ते पोटाच्या उबंनं नुकत्या भाकरीवानी ऊन. दार करकरलं, ताराबाईचा हात उठला, आन माझं लाटणं दगडावर टाणकन पडलं.

आत्याबाई लोकलनं आल्या. लाटण्याकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, बसल्या. दुपारी पयल्या घाण्याचा ऊन ऊन कोपरा माझ्या हातात ठिवला आन म्हनल्या, बुटाची नाडी नीट बांधत जा, पेंढा सांडलाय गावभर.

सात थंड्या पळाले. आठव्या थंडीला जागा धरायची कुनासाठी? लाटणं तेवढं माझ्याकडं आलं.

आता तितं गॅस आलाय, लाटाया मशीन हाय. मी बंगल्याची राखण करती. ऐतवारी पुण्या-मुंबैची मानसं चकाकती जाकिटं घालून पळाया येत्यात, चिंब हून फाटकात फोटू काढत उबी ऱ्हात्यात. मी वरडती, बायांनो, आदी वलं काढा, मग फोटू! एकीनं इचारलं, आजी, तुमी कोच होता का? म्हनलं, व्हय, सहा कुत्र्यांची.

आता गुडघे गेले. सून लोणावळ्याला हाटेलात कामाला हाय, थंडीत लोकलला पळती, कान बांधून, कुडकुडतच, मीच शिकवलंय. पर निघायच्या आदी चूल पेटवती आन चुलीपाशी आत्याबाईंचं लाटणं ठिवून जाती. म्हनलं, अगं, माझ्याबिगर हितं बसणार कोन? तर पळता पळता म्हनती, मांजर! आन खरंच, उठून बगावं तर मांजर आलेलं असतंया, पर लाटण्याच्या पल्याड. रिवाज त्यालाबी ठावं हाय. सुखाची ऱ्हा गं माझे बाई, म्हनती मी सुनंला मनातल्या मनात, आन बसती.