धुऱ्यावरची सरकी

ऐक बे, मधात बोलू नको. अमडापूरच्या थांब्यावर कापसाची गाडी उभी होती, हवेत पांढरे पुंजके तरंगून राह्यले होते. फिजा मोबाईल धरून बसली होती. जगभरचे लोक मिळून सगळ्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर लिहितात ना, त्यांच्या बंगलोरच्या मेळाव्याचं बोलावणं होतं तिले. आजच उत्तर द्याचं होतं. बाजूले तिच्या वर्गातला दीपक.

"पोरींसाठी राखीव जागा हाय ते. जाऊ नको."

"काऊन?"

"लोक म्हणतीन, कोड नाही पाह्यला, पोरगी पाह्यली."

"तू त पाह्यला ना माहा कोड?"

"भारी हाय. म्हणून त म्हणतो."

"दीपक, अळी मारणाऱ्या बीटी कापसाच्या थैलीसंगं साध्या सरकीचं लहान पुडकं येते, धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या काठानं पेराले. तुह्या बाबानं काय केलं त्याचं?"

"फेकलं. सगळेच फेकतात."

"मंग?"

"मंग काय! साधी अळी जगाले साधं झाडच नाही राह्यलं, बीटी पचवणारीच उरली. आता सगळं वावर खाते."

"पाह्य. राखीव जागा फेकली, अन् सगळं वावर गेलं."

"पण फिजा, पुडकं वेगळं दिसते म्हणूनच फेकतात ना लोक? थैलीतच मिसळून देल्लं असतं त?"

तिनं बोलावणं पुन्हा उघडलं, खाली 'हो' अन् 'नाही' होतं. तेवढ्यात बस आली. कापसाचा एक पुंजका तरंगत आला अन् नेमका मोबाईलवरच्या 'हो'वर बसला. तिनं तो फुकला नाही, अन् बोटबी लावलं नाही.

तू असता त काय केलं असतं बे?