पश्चिमेचा दरवाजा

— कुठलं नाव सांगू, तेवढं बोल ना पोरी. तू विचारलंस, ‘आजी, आपण आत्ता कुठल्या शहरात आहोत?’ — आणि हातात पेन धरून अशी बघतेयस, जशी काही मी खुर्चीवरून आत्ताच घसरणार आहे. सोल. लिही, सोल. पण हे आजचं झालं. माझी आजी याला ग्योंगसाँग म्हणायची, जपान्यांनी ठेवलेलं नाव ते — म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. त्याआधी हानसाँग, त्याच्याही आधी हानयांग. इतकी नावं बदलली, पण या शहराला कधी कुणी खुर्चीत बसवून विचारलं नाही, बाई तुला तुझं नाव आठवतं का म्हणून! हस, हस. हसायला फॉर्ममध्ये चौकट नसेल, पण हस. वार गुरुवार. ऋतू — खिडकी उघड, कळेल तुला; गिंकोची फळं रस्त्यावर चिरडून कसा घाण वास सुटलाय, याला दुसरा ऋतू कोण म्हणेल? शरद लिही. आणि मी नो माल-सुन, वय चौऱ्याहत्तर, ते तू आधीच लिहिलंयस.

मला कुणी पाठवलेलं नाही हं. मी माझ्या पायांनी आलेय. खाली दारावर पाटी आहे ना तुमच्या, साठीपुढच्यांची स्मरणशक्ती फुकट तपासून मिळेल म्हणून — म्हटलं फुकट आहे तर बघू या, किती शिल्लक आहे. तसं मला काही झालेलं नाही. मला फक्त एक कागद हवाय, आजी ठणठणीत आहे असा, शिक्का मारलेला. कारण काय, नातीला बालवाडीतून मी आणते. दान्बी. सहा वर्षांची आहे. मुलगा उल्सानला जहाजांच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो. सूनबाई ऑफिसात, तिला सात वाजल्याशिवाय सुटका नाही. मग चार ते सात दान्बी माझी. चारला तिथे फाटकाशी उभी राहते मी, आजवर एकदासुद्धा उशीर नाही. माझ्या सगळ्या दिवसात तेवढाच तर दिवस आहे, बाकी नुसतं किमचीचे डबे वर-खाली करणं. आणि तिला मी मागून घेतलीय बरं का. सूनबाईंची दोन वेळा पोटातच गेली, तेव्हा मी शहराच्या जुन्या तटाला नवस बोलले. पूर्वी गावोगावचे उमेदवार राजधानीत परीक्षेला यायचे, ते असेच तटाला पूर्ण फेरी घालून मनातलं मागायचे. मी म्हटलं, परीक्षा काय फक्त पुरुषांनाच असतात? पहाटे निघाले, पोटात पाण्याशिवाय काही नाही, चारी डोंगर चढले-उतरले, दिवेलागणीला परत त्याच पायरीवर. पुढच्या वर्षी दान्बी. सूनबाई म्हणते, ‘आई, डॉक्टरांचं पण थोडं श्रेय ठेवा हो.’ ठेवलं. थोडं ठेवलं.

घड्याळ? काढते ना. वर्तुळ काढायचं, आकडे घालायचे, दहा वाजून दहा मिनिटं दाखवायची — हे काय, लहान पोरांचं काम आहे. हे वर्तुळ. हा उत्तरेचा दरवाजा, बंदच असायचा बहुतेक. हा पूर्वेचा. इथे खाली दक्षिणेचा — हा जळाला तेव्हा आम्ही बायका पांढरी शेवंती घेऊन गेलो होतो, घरातलं माणूस गेल्यासारखं वाकून नमस्कार करून आलो. आणि हा इथे पश्चिमे — काय झालं? हो की. आकडे राहिलेच. घड्याळ म्हणालीस तू, आणि मी तट काढत बसले. अगं, सवय गं, हाताची सवय. अठरा वर्षं मी लोकांना तट दाखवत हिंडलेय, पन्नाशीनंतर, फुकट, हौसेनं. भात शिजवण्यापलीकडे आपल्याला काही येतं, हे पहिल्यांदा तिथे कळलं मला. सहाशे वर्षांवरचा तट, जवळजवळ दोन लाख माणसं गावागावांतून आणलेली, कडाक्याच्या थंडीत दगड वाहिले त्यांनी — सगळं मुखोद्गत. अजून झोपेतून उठवून विचार. सूनबाई जेवताना म्हणायची, ‘आई, राजाला जरा थांबवा, सूप निवतंय.’ — ते पान फाडू नकोस. असू दे. घड्याळ दुसऱ्यावर काढते.

तो पश्चिमेचा दरवाजा मात्र नाहीये. माहीत आहे मला, नाहीये. जपान्यांनी ट्राम न्यायची म्हणून पाडला, शंभराच्या वर वर्षं झाली. लाकूडफाटा विकून टाकला. आता तिथे नुसता चौक आहे — बस, मोटारी, इस्पितळ, आठ-आठ रांगा वाहनांच्या. नाव तेवढं राहिलंय. स्टेशनाला नाव पश्चिमद्वार, बाजाराला नाव, पोलीस ठाण्याला नाव. एक दरवाजा सोडला तर सगळं जागच्या जागी. माझ्याबरोबर येणारे विचारायचे, ‘बाई, दरवाजा कुठाय?’ मी म्हणायचे, ‘तुम्ही आत्ता त्याच्या उंबऱ्यावर उभे आहात.’ की सगळे पायाखाली बघायचे! मग मी म्हणायचे, डोळे मिटा. कमान आणा डोळ्यांपुढे. वर कौलं, दोन्ही टोकांना उचललेली. खाली लाकडाच्या मोळ्या पाठीवर घेतलेली माणसं आत येतायत. घंटा झाली की दरवाजा लागणार, बाहेर राहिला तो बाहेर. दिसला? आणि त्यांना दिसायचा गं! अठरा वर्षं हेच केलं मी, नसलेला दरवाजा माणसांना दाखवला. मग एक दिवस मला दिसला तर त्यात नवल काय —

नाही, काही नाही. पुढचं विचार. शंभरातून सात ना? त्र्याण्णव. त्र्याण्णवातून — शहाऐंशी. अशी बघू नकोस माझ्याकडे. पेन खाली का ठेवलंस? लिही ना, बरोबर आहे ते.

तीन आठवडे झाले. गोड पोळी खायची म्हणून हट्ट धरला दान्बीनं, ती काळ्या गुळाची, तव्यावरची, म्हणून त्या चौकाकडून गेलो. एरवी आम्ही वरच्या गल्लीनं जातो. हात धरला होता मी तिचा. घट्ट धरला होता, हे मला आठवतं, तिच्या हाताला गुळाचा चिकटपणा होता हेसुद्धा आठवतं. ऊन तिरपं आलेलं. आणि समोर दरवाजा. डोळे उघडे होते माझे, पोरी. कौलं, कमान, मोळ्या. मला वाटलं, घंटा होईल आता, चल लवकर. आणि मी निघाले. हिरवा दिवा होता हे नशीब. नाहीतर मी कुठे दिवा बघत होते! पलीकडे पोचले. छान वाटत होतं, खरं सांगते, एखाद्या सणाला माहेरी शिरावं तसं. तर मागून कुणीतरी पोर ओरडतंय, ‘आजी! आजी!’ — गळा फाडून. मी वळून बघितलं. रस्त्याच्या त्या कडेला एक लहान मुलगी, पिवळं दप्तर, एकटी. आणि मला काय वाटलं माहितीय? मला वाटलं, कुणाची ही पोर? आणि हिची आजी कुठे तडमडलीय हिला टाकून? राग आला मला त्या बाईचा. काय बाई आहे, एवढ्या रहदारीत लेकरू सोडतं का कुणी —

थांब. पाणी नको.

दिवा लाल झाला होता आणि ती यायला निघाली होती. एका माणसानं मागून दप्तर धरलं तिचं, खाऊ पोचवणाऱ्या दुचाकीवरचा कुणीतरी, तोंडसुद्धा बघितलं नाही मी त्याचं. बस गेली मधून. बस गेली आणि मग पलीकडे दान्बी होती. माझी दान्बी. तेवढाच वेळ, एक बस जाण्याइतका. पण तेवढा वेळ ती माझी कुणी नव्हती गं.

घरी येताना मी तिला सांगितलं, आईला बोलायचं नाही हं, हे आपल्या दोघींचं गुपित. आणि तिनं नाही सांगितलं. ‘आज काय केलं आजीबरोबर?’ असं सूनबाई विचारते, की दान्बी आधी माझ्याकडे बघते, मग म्हणते, ‘पोळी खाल्ली.’ बुद्धापुढे रोज एकशे आठ वेळा वाकणारी बाई मी, आणि सहा वर्षांच्या लेकराला खोटं सांभाळायला दिलं. परवा तर काय — रस्त्यानं चालताना ती वाहनांच्या बाजूला आली. मी म्हटलं, आत हो, तर म्हणते, ‘नको आजी, तू आत चाल. मी धरलंय तुला.’ एवढासा हात! रात्री झोपेतसुद्धा मुठी वळलेल्या असतात तिच्या.

तटाच्या दगडांवर नावं कोरलेली आहेत, तुला माहितीय? कुठल्या गावच्या माणसांनी, कुणाच्या देखरेखीखाली बांधला तेवढा तुकडा. पुढे तो ढासळला तर नाव वाचायचं, आणि त्याच गावाला बोलावून घ्यायचं, या, तुमचं काम आहे, नीट करा. दाखवायचे मी लोकांना, बोटांनी पुसून दाखवायचे ती अक्षरं. गेले वीस दिवस रोज सकाळी तेच येतं मनात. ढासळलंय ते माझ्या हिश्शाचं आहे. मला कुणी बोलवायची वाट कशाला बघायची? म्हणून आले. आणि आल्यावर मात्र वाटायला लागलं, शहराचं नाव, वार, ऋतू सगळं सांगितलं तर मिळेल शिक्का. काय वेडी आशा बघ माणसाची. तू विचारतेस ते सगळं येतं मला. जे आलं नाही ते तुझ्या कागदावर विचारलेलंच नाही. लिही तू ते. तुझ्या अक्षरात लिही, मी सांगते तसं — नातीला ओळखलं नाही. लिहिलंस? बघू. हं.

औषधं असतात म्हणतेस? हळू होतं त्यानं? हळू झालं तरी पुष्कळ आहे. तिला शाळेत जाताना बघेन ना मी? पहिलीत? मार्चमध्ये जायचीय. — बरं. बरं. डोळे पूस आधी तुझे, मला काय समजावतेस.

किती वाजले? पावणेचार. नाही, मी उठत नाहीये. तो फोन दे इकडे. आकडे मला पाठ आहेत, मीच लावते. तिचं ऑफिस ग्वांगह्वामुनच्या, राजवाड्याच्या दरवाजाच्या, समोरच आहे, भरभर निघाली तर दहा मिनिटांत फाटकाशी पोचेल. रागावेल. रागावू दे, तिचा हक्क आहे. वाजतोय. — ग्यु-री? मी बोलतेय. हो हो, ऐकू येतंय मला. हे बघ, आज दान्बीला आणायला तू जा. आत्ता, लगेच ऊठ. नाही गं, मी बरी आहे — नाही. बरी नाहीये मी. तिला घे, आणि दोघी इकडे या, वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर. मग सांगते सगळं. तू नुसती ये. दान्बीला म्हणावं, आजीनं स्वतः सांगितलंय, आता आईला सगळं सांगितलं तरी चालेल.