बोटीवरचं बिऱ्हाड

माझा जन्म गावात झालाच न्हाय. आमी धनगर, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटंला लागायचं, तशा वाटंवरच मी झाले, आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर, एका अंगाला भांडी, दुसऱ्या अंगाला कोकरं, मधी मी. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्यो देईल ते धान्य, आणि एखाद्या मेंढरानं शेजारच्या पिकाला तोंड लावलं की आईवरनं शिव्या. ह्या सगळ्यातनं मला काढायचं म्हणून तात्यांनी, माझ्या वडलांनी, मेंढरं इकली. धनगरानं मेंढरं इकणं म्हणजे काय, ते तुमाला सांगून कळायचं न्हाय. म्हणाले, माझी पोर एका जागी बसून शिकंल. कळंबात, आमच्या गावात, लोकांच्या बागंला पाणी दिलं आणि मला बारामतीच्या कॉलेजात घातलं. मी बी.कॉम. झाले, भावकीत पहिली. हे लिवा, मोठ्या अक्षरात लिवा.

नवरा मिळाला त्यो इंजिनं दुरुस्त करणारा, हात सोन्याचा, त्यात खोट न्हाय. त्याला अंदमानात पाव्हण्यांना बेटं दाखवणाऱ्या बोटीवर काम लागलं. तीन-चार वर्षं त्यो एकटाच तिकडं. मग म्हणाला, मालक बायकापोरांना ठेवून घेतो, तुला हिशेबाचं काम देतो. तात्या म्हणाले, बाई, आमी हिंडलो म्हणून तुला बसवली, आता तू पाण्यावर हिंडणार व्हय? पण पोरगी, स्वाती, चार वर्षांची झालेली, बापाला वळखत न्हवती. गेले.

खोली खाटंएवढी, भिंतीपल्याड इंजिन, भाकरीला डिझेलचा वास. हिशेब मालक स्वतःच बघायचा. मला म्हणाला, वहिनी, पाव्हण्यांच्या खाण्यापिण्याचं जरा बघा. जरा म्हणजे पहाटंपासनं शेवटचं भांडं घासंपर्यंत. बेटं कशी व्हती इचारता? चांगलीच असणार, पाव्हणे येऊन सांगायचे. पाणी निळं, वाळू पांढरी. ते उतरायचे तवा मी कांदा चिरत असायची, कारण परत आले की त्यांना ताट तयार लागायचं.

बोटीच्या कठड्याच्या फटी अशा रुंद की पोरगं सरळ पाण्यात जाईल. माझ्या आईनं तळावर चुलीपाशी बसताना मला खुंटीला बांधलेलं, तसं मी स्वातीच्या कमरंला दोरी बांधून खांबाला अडकवायची आणि कामाला लागायची. दुसरं करणार काय? एक दिवस हसण्याचा आवाज आला म्हणून बाहीर आले तर एक पाव्हणीबाई बिस्कीट धरून बसलेली, दोरी पुरणार न्हाय एवढ्या अंतरावर, आणि माझी पोरगी दोन हातांवर रांगत, दोरी ताणून, बिस्कीट मागतीय. दुसरी फोटो काढतीय. आणि पल्याड हात पुसत उभा नवरा, त्योबी हसतोय.

काय सांगू तुमाला, त्या बायांचा मला राग न्हवता एवढा.

मी म्हणलं, बंदर आलं की मी उतरणार. त्यो म्हणाला, पाव्हण्यांची गंमत ती, एवढं काय झालं? मी म्हणलं, मग तुमी बांधून घ्या, मी काढते फोटो. त्यो म्हणाला, उतरून खाणार काय? म्हणलं, बी.कॉम. खाईन. मग जरा नरम पडला, म्हणाला, दोन वर्षं कळ काढ, शाळंचं तवा बघू. आमच्यात असंच म्हणत्यात, पुढच्या तळावर बघू. पुढच्या तळावर कुणाची शाळा झालीय का आजवर?

उतरले. मद्रासपर्यंत जहाज, दौंडपर्यंत रेल्वे. कळंबात तात्या दारात व्हते, तुला म्हणलं व्हतं असं एका शब्दानं म्हणाले न्हाईत. आलीस व्हय, पाय धू, एवढंच. गाव मातर सोडतंय व्हय? सासरची जाऊ भेटाय आली ती म्हणाली, बया, बेटं हिंडून कातडी रापली की गं, आमच्या नशिबी कुठली असली चैन. चैन! अजून म्हणत्यात, बी.कॉम. बाईनं नवरा टाकला. टाकला न्हाय मी. त्यो वर्षातनं एकदा येतो, पोरीला फ्रॉक आणतो, तिच्या मापाला येत न्हाय, आणि जातो.

मी बारामतीत खोली घेतली, मार्केट यार्डात नोकरी धरली. त्या बायांच्या घरात कुठंतरी त्यो फोटो असंल, कुणाकुणाला दाखवत असत्याल. असू दे. देव त्यांचंबी भलं करो. स्वाती आता पाचवीत हाय. पहिलीला ज्या शाळंत घातली, त्याच शाळंत हाय.