हाताला कळतं

...नाही हो, मी काही हारतुरे मागत नव्हते! पण तुम्हाला सांगते, इतकी वर्षं लांब राहून अन्नशास्त्र शिकून आलेली मुलगी स्वयंपाकघरात पाऊल टाकते म्हटल्यावर मला वाटलं होतं, आई म्हणेल, 'ये गं बाई, तुझीच वाट बघत होते, सांग आता कसं करायचं ते.' प्रत्यक्षात काय? 'बाजूला हो, तेल उडेल.' झालं स्वागत! अंदाजाचं राज्य खालसा करायला निघालेली मी, पहिल्या दिवशी लसूण सोलत बसले.

आणि आईची मापाची पद्धत माहितीये? बोट! दूध कोमट झालं का, बुडव करंगळी. तवा तापला का, लाव तर्जनी. पाव भाजला का, दाब अंगठा. मी म्हटलं, 'आई, भाजेल!' तर म्हणते, 'हाताला कळतं.' बरं, कळत असेल तर माझी काही हरकत नाही हो! पण कित्येक महिने घरात दही लागत नव्हतं. नुसतं पांढरं पाणी! आईचं म्हणणं, दूधवाला बदमाश. तीन दूधवाले बदलले... तिन्ही बदमाश? आणि तिच्या बोटांच्या टोकांवर चटक्यांचे काळपट डाग. मधुमेह जुना, तो बोटांची जाणीव हळूहळू खात जातो, हे मी शिकलेय ना... पण बोलायची सोय आहे? 'मला काही झालेलं नाही. हाताला कळतं.'

म्हटलं, वाद नको, थर्मामीटर आणू. पहिला आणला काचेचा, लांब, तेलात उभा धरायचा. मी समजावतेय, 'टोक बुडाला टेकवायचं नाही, नाहीतर तेलाऐवजी कढईचं तापमान येतं'... तेवढ्यात बाबांनी तो धुऊन, पुसून जिभेखाली धरलेला! वर खुणेनं विचारतात, किती? म्हटलं, 'बाबा, हा चाळीसच्या पुढे सुरू होतो. यात तुमचा आकडा आला तर तुम्ही तळून निघालेले असाल!'

दुसरा टोचायचा. आधी बर्फाच्या पाण्यात घालून शून्य दाखवतो का बघायचं, मग मांसाच्या जाड भागात खुपसायचा, हाडाला न लागू देता. उत्तम वस्तू! मी अख्खी कोंबडी भाजली, आत बरोब्बर पंचाहत्तर अंश, मी टाळ्यांची वाट बघतेय... आणि आई म्हणते, 'पाहुण्यांना काय सांगू? हिला इंजेक्शन दिलंय?' मग माझ्यादेखत अंगठा दाबला आणि जाहीर केलं, 'झालीये.' वा! म्हणजे कोंबडी झाली कुणामुळे? अंगठ्यामुळे! हाताला कळतं!

तिसरा... तिसऱ्याचं नाव काढू नका. पिस्तुलासारखा. शिवायचं नाही, लांबून रोखायचा, खटका दाबायचा, आकडा हजर. बाबा तर वेडेच झाले. फ्रिज, मांजर, शेजारच्या काकांचं टक्कल, सगळ्यांवर नेम! आणि नवल म्हणजे आईलाही तो आवडला. 'हे बरंय,' म्हणाली, 'खरकटं होत नाही.' मला भरून आलं हो! जिंकले म्हटलं!

त्याच संध्याकाळी आईनं गॅस बंद केला आणि झाकलेल्या पातेल्यावर नेम धरला. आता आईचं पातेलं म्हणजे काय विचारता, घासून घासून असा आरसा, की त्यात बघून भांग पाडावा! आणि चकचकीत धातूवर हा पिस्तूलवाला साफ खोटं बोलतो, कितीही तापलेलं असो, आकडा कमीच दाखवतो. माहितीपत्रकात लिहिलंय. मला माहीत होतं! पण आई पहिल्यांदा माझं ऐकत होती ना, त्या आनंदात सांगायचंच राहिलं. आकडा आला चौतीस. आईनं उजव्या हातानंच पातेलं उचललं... आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं.

ओरडली नाही. ऐकताय ना तुम्ही? ओरडली नाही! ओरडले ती मी. 'अगं, हात बघ तुझा!' बाबा म्हणाले. आईनं उजवा तळवा वर केला, फोड टरारून आलेले, आणि ती बघतेय अशी, जणू हात दुसऱ्याच कुणाचा.

डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. बोटांना टोचत होते आणि आई शांतपणे खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, 'जाणीव परत येईल?' त्यांनी मान हलवली. नाही. बाबांनी तरी विचारलंच, 'एखादं मलम वगैरे?' घरी येताना आई एवढंच म्हणाली, 'हाताला कळायचं गं मला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई शेगडीपाशी, एका हाताला पट्टी, दुसऱ्याची करंगळी दुधावर धरलेली. टोचायचा थर्मामीटर माझ्या हातात होता. पुढे केला असता तर तिनं तो घेतला असता, तुम्हाला सांगते, पहिल्यांदाच, निमूटपणे... आणि तेच मला बघवेना. मी तो खणात टाकला आणि तिच्याआधी स्वतःचं बोट दुधात घातलं.

'आई गं!'

'किती गरम?'

'खूप!'

'खूप म्हणजे? दही लागेल की नाही, ते सांग.'

'ते मला काय माहीत?'

'मग इतकी वर्षं शिकलीस काय? थांब जरा... हां, आता घाल परत.'

तिथेच ठरवलं. यापुढे रोज बोट माझं. पदवी भिंतीवर, यंत्रं खणात, आणि आमच्या घरात थर्मामीटर एकच, मी!

...आणि त्याच्यावरही आईचा विश्वास नाही.