मुचादेईचा कोट

मापोसा : तो कोट काढा, गारिकाई. आणि ती टोपीसुद्धा. बाहेर टीव्हीवाले आलेत.

गारिकाई : गारिकाई कोण? मी मंत्री मुचादेई! माझ्याच अंगणात येऊन मला कोट काढायला सांगतोस होय रे? पक्षाच्या कचेरीत तर हात चोळत उभा असायचास माझ्यापुढं.

मापोसा : बाईसाहेब, यांना आवरा. तुमचे यजमान आत शवपेटीत आहेत आणि हे त्यांची सोंगं आणताहेत!

रेवाई : कशाला आवरू? ते या घराचे साहवीरा आहेत, मयताचे विधी करणारे पिढीजात मित्र. यांच्या बापानं माझ्या सासऱ्यांना माती दिली, तेव्हाही अशीच नक्कल झाली होती. मेलेल्याचे कपडे घालून खरं बोलायचा त्यांचा हक्कच आहे. शहरात राहून रीत विसरलात वाटतं.

मापोसा : रीत मान्य आहे. पण काल पक्षानं मुचादेईंना राष्ट्रवीर ठरवलंय. आता ते एका गावाचे राहिले नाहीत. दुपारी लष्कराचा ट्रक येईल. राजधानीत वीरांच्या टेकडीवर दफन, तोफांची सलामी, स्वतः राष्ट्राध्यक्ष हजर. तुम्ही कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणा, की कुटुंबाला अभिमान वाटतो.

गारिकाई : टेकडीवर? अरे, इथं खड्डा खणून झालाय! भाऊबंद पहाटेपासून कुदळी मारताहेत. फुंगाईच्या अगदी शेजारी. बाप लेकाजवळ झोपेल, विषय संपला.

मापोसा : फुंगाईचं नाव आज नको.

रेवाई : का नको? माझा मुलगा होता. शाळामास्तर होता. पगार मागायला मोर्चात गेला आणि पाठीत गोळी घेऊन घरी आला.

मापोसा : बाईसाहेब, ते जुनं प्रकरण...

रेवाई : मी त्याला शेवटची आंघोळ घालत होते, तेव्हा शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता. मंत्री सांगत होते, मेले ते सगळे दंगेखोर. आवाज माझ्या नवऱ्याचा.

गारिकाई : वहिनी, राहू द्या.

रेवाई : नाही. भावजी, टोपी नीट घाला. मला यांच्याशी बोलायचंय.

(गारिकाई टोपी कपाळावर ओढतो, मुचादेईसारखा घसा खाकरतो.)

गारिकाई : बोल, रेवाई. पटकन बोल, मला मीटिंग आहे.

रेवाई : आहात तसेच आहात. फुंगाईच्या मातीला का आला नाहीत?

गारिकाई : आलो होतो.

रेवाई : नदीच्या पुलापर्यंत. या अंगणातून दिसत होती तुमची काळी गाडी. म्हटलं, आता उतरतील, मग उतरतील. सगळ्यांची बोलणी खात माती थांबवून धरली मी.

गारिकाई : काच खाली केली होती मी. इथलं रडणं तिथवर ऐकू येत होतं. गारिकाई धावत आला. म्हणाला, उतर लेका, तुझं पोर आहे. मी दाराला हात घातला आणि फोन वाजला.

रेवाई : कुणाचा?

गारिकाई : हा काय, समोरच उभाय. म्हणाला, साहेब, दंगेखोराच्या मयताला गेलात तर खुर्ची गेली म्हणून समजा.

मापोसा : मी नुसता निरोप्या होतो! वरून आलं तेच सांगितलं. पुरे करा हे सोंग!

रेवाई : तुम्ही गप्प बसा, मापोसा. तुम्ही फोन केलात. गाडी वळवली ती यांनी. मग? गारिकाईला काय म्हणालात?

गारिकाई : वहिनी, हे नका विचारू.

रेवाई : मी भावजींना विचारत नाहीये. मुचादेई, तुला विचारतेय. काय म्हणालास?

गारिकाई : म्हणालो... रेवाईला सांग, कामात अडकलो. पुढं कधीतरी येईन, पोराच्या थडग्यावर दगड ठेवीन.

रेवाई : एक दगड ठेवायला वेळ मिळाला नाही तुला. आणि आज त्याच्याच शेजारी पाय पसरायला आलास!

गारिकाई : हा बघा, काढला कोट. मला नाही पेलवत. वहिनी, चुकला तो. पण बाप आहे. मेल्यावर तरी त्याला पोराजवळ येऊ द्या. तुम्ही एक शब्द बोला, भाऊबंद ट्रक अडवतील.

रेवाई : आणि पोराला कुणी विचारलं? त्यानं काय म्हणून जागा द्यायची? मापोसा, तुमच्या टेकडीवर चांगली बांधतात का हो कबर?

मापोसा : काळ्या ग्रॅनाइटची, बाईसाहेब. वर सोनेरी अक्षरांत नाव.

रेवाई : मग न्या. जन्मभर तुमच्यात राहिला, आताही राहू दे.

गारिकाई : आणि खणलेला खड्डा? उघडी कबर तशीच सोडता येत नाही, वहिनी. काहीतरी पुरावंच लागतं.

रेवाई : हा कोट पुरा. फुंगाई लहान असताना बापाचा कोट पांघरूनच झोपायचा. बापापेक्षा कोटाचीच ऊब जास्त मिळाली त्याला.

मापोसा : फार मोठं मन आहे तुमचं. ट्रकमध्ये पुढं तुमची जागा ठेवतो. टेकडीवर राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी तुमची खुर्ची आहे. याल ना पोचवायला?

रेवाई : येईन की. पुलापर्यंत.