मऊ पाव

धाकटी : डबा खाली ठेव, ताई. आता ते पीठ ओतून देऊन काही उपयोग नाही. मी बघितलंय.

ताई : काय बघितलंस? तांदळाचं पीठ आहे. तुझंच आहे. वर तुझ्याच हातची चिठ्ठी आहे, 'कुणी हात लावू नये'. जसं काही या घरात सगळे चोरच राहतात.

धाकटी : तांदळाचं पीठ बोटांत चोळलं की करकरतं. हे रेशमासारखं लागतंय. बेकरीवाल्याची मुलगी आहे मी, तेवढं कळतं मला.

ताई : बारीक दळलं असेल या वेळी.

धाकटी : काका म्हणतात, तू रोज पहाटे त्यात मूठभर मैदा टाकतेस.

ताई : काका म्हणतात! वा! चाळीस वर्षं आमच्या भट्टीवर हात शेकले आणि आता हे. या ना काका, आत या. दारात कशाला उभे?

काका : इथंच बरा आहे मी, बाई. अंगावर सगळं पीठ आहे. पोरीला त्रास व्हायचा.

ताई : घ्या! यांनाही वेड लावलंस तू. बेकरीच्या वर राहायचं आणि पिठाचा त्रास म्हणे.

धाकटी : कधीपासून टाकतेयस?

ताई : टाकते. बरं, टाकते. तीन महिने झाले. बोल, काय झालं तुला? उलटी झाली? जुलाब झाले? एकदा तरी पोट धरून बसलीस? तीन महिने रोज गहू खातेयस आणि तुला पत्ता नाही. मला एवढंच बघायचं होतं.

धाकटी : माझं पोट कधीच दुखलं नाही. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तू माझ्या शेजारीच बसली होतीस. पोटाची काहीही तक्रार नसताना हा आजार असू शकतो. गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, आतडं आतून झिजत जातं, खाल्लेलं अंगी लागत नाही. सिलिअ‍ॅक म्हणतात त्याला.

ताई : सिलिअ‍ॅक! नाव बघा, साबणाच्या वडीसारखं. पोटाचा आजार आणि पोट ठणठणीत. असला आजार मलाही चालेल की. ट्रे उचलायला नको, पहाटे उठायला नको.

धाकटी : ट्रे उचलतानाच माझं मनगट मोडलं होतं. सहा पावांचा ट्रे, ताई. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, चौतिसाव्या वर्षी हाडं सत्तरीच्या बाईची आहेत. लोहाच्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या मी? रक्त कधी वाढलं? दर महिन्याला तोंड यायचं, पायांना मुंग्या यायच्या. तू म्हणायचीस, नखरे.

ताई : तोंड सगळ्यांचं येतं. दहा वाजेपर्यंत लोळायचं फक्त तुला सुचतं. नवरा काय उगाच सोडून गेला?

धाकटी : तो दोन बाळं पोटातच गेली म्हणून गेला. आणि तो निघाला तेव्हा तू त्याला प्रवासासाठी केक बांधून दिलास.

ताई : भुकेल्या माणसाला खायला द्यायला माझं काही जात नाही.

धाकटी : नाही ना? मलाही दिलंस. पहिले पाच महिने माझ्यासाठी भाजलेला पाव विटेसारखा व्हायचा. चहात बुडवला तरी दात हलायचे. पण रक्त वाढत होतं. जिना एका दमात चढायला लागले होते. मग एक दिवस पाव मऊ झाला. मी काय केलं होतं, आठवतं?

ताई : गळ्यात पडलीस माझ्या.

धाकटी : रडले. म्हटलं, ताई माझ्यासाठी रात्रंदिवस खपून शिकली. तू पाठीवरून हात फिरवलास माझ्या. म्हणालीस, खा पोटभर.

ताई : खुश होतीस ना? मग?

धाकटी : आज नवीन रिपोर्ट आला. या आजाराचा रक्तातला आकडा सुरुवातीला होता त्याच्याही वर गेलाय. डॉक्टरीणबाईंनी मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. चोरून खाताय म्हणाल्या. मी शपथा घेतल्या तर हसल्या. म्हणाल्या, सगळे असंच सांगतात. त्या हसल्या ना, तेव्हा मला वाटलं, झोपेत खात असेन का मी?

ताई : आकडे काय, यंत्रं चुकतात.

धाकटी : काका, तुम्ही हे तीन महिने बघत होतात?

काका : होतो.

धाकटी : आणि गप्प राहिलात.

काका : राहिलो. बाई मालकीण आहेत. या वयात मला दुसरी भट्टी कोण देणार? पण आज दुपारी तू दवाखान्यातून आलीस आणि पाचव्या पायरीवर बसलीस, कठड्याला डोकं टेकून. वहिनी तिथंच बसायच्या. तशाच. मग राहवलं नाही.

ताई : आईला मध्ये आणू नका, काका.

काका : मी आणत नाही, बाई. ही पोर बसली होती तिथं, एवढंच सांगतो.

ताई : आई आळशी होती. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. नऊ वर्षांची होते मी. स्टुलावर उभी राहून तिच्या वाटचं पीठ मळायचे. ही जेमतेम वर्षाची. हिची ढुंगणं धुतली मी, वेण्या घातल्या मी, आणि ती? ती आडवी. भिंतीकडे तोंड करून आडवी. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखतंय म्हणून विचारलं तर म्हणायची, कुठेच नाही गं, फक्त उठवत नाही. उठवत नाही! हे काय उत्तर झालं?

धाकटी : मला आठवत नाही ती. सांगा ना, काका.

काका : काय सांगू, पोरी? हडकुळ्या होत्या, फिकट, कागदासारख्या. तुझे वडील, आमचे मालक, संध्याकाळी खालून हाक मारायचे, आज किती वेळ आडवी होती? आणि थोरल्या बाई घड्याळ बघून सांगायच्या.

ताई : मी खरं तेच सांगायचे.

काका : खरंच सांगायच्या. अगदी मिनिटांसकट. मग तेवढाच वेळ मालक वहिनींना भट्टीच्या तोंडाशी उभं करायचे. तास तर तास, दोन तर दोन. मी सळई फिरवायचो आणि त्या माझ्या शेजारी उभ्या.

धाकटी : आणि ताकद यावी म्हणून कुणी काही दिलं नाही तिला?

काका : दिलं की. दुधात पाव कुस्करून, दिवसातून तीनदा. मालकांचा हुकूमच होता. वहिनी गुपचूप खायच्या. शेवटी न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर उठल्याच नाहीत. सदतीस वर्षांच्या होत्या.

धाकटी : तुला चहाबरोबर पाव, मला पाव, तिला दुधात पाव.

ताई : थांब. तिला तुझा आजार होता, हे कुणी ठरवलं? तू?

धाकटी : कुणीच नाही. आता कुणाला ठरवताही येणार नाही. पण हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. हेसुद्धा तू शेजारी बसली असतानाच सांगितलं होतं.

ताई : तेच तर. ते ऐकल्यापासून झोप नाही मला. तुझं खरं ठरलं, तर तिचंही खरं ठरतं. मग मी कोण? मी घड्याळ बघून सांगायचे, आणि ती भट्टीजवळून माझ्याकडे बघायची. रागावायची नाही. ती आळशीच असायला हवी, कळतंय तुला? म्हणून टाकला मैदा. म्हटलं, हिला काही होत नाही हे एकदा दिसू दे. दिसलं की मी सुटले.

धाकटी : आणि मला काही झालं असतं तर?

ताई : मला वाटलं, पोट दुखेल. पोट दुखलं तर लगेच थांबवणार होते, आईशप्पथ.

धाकटी : मी उद्या खोली सोडतेय. कपड्यांच्या दुकानात हिशोब लिहिणारी बाई हवी आहे त्यांना, मागे राहायला जागा आहे. तिथं पीठ नाही.

ताई : जा. सगळ्या बाया झोपून राहा आणि मी एकटी राबते.

धाकटी : जाते. पण जाण्याआधी तुझ्या लेकीचं बोलायचंय.

ताई : चिमणीचं काय?

धाकटी : चौदा पूर्ण झाली. तिच्या वर्गातल्या मुली तिच्याहून हातभर उंच झाल्या. अजून पाळी नाही. दातांवर पांढरे चट्टे आहेत. शाळेतून आली की दप्तरासकट झोपते.

ताई : वाढेल. माझीही उशिरा वाढ झाली. आणि झोपेचं म्हणशील तर त्याचं औषध मी कालच दिलंय.

धाकटी : बघितलं. गालावर बोटं उठलीयत अजून. तिला विचारलं मी, कुठे दुखतं का गं? काय म्हणाली, सांगू?

ताई : नको.

धाकटी : म्हणाली, कुठेच नाही.

(खाली दुकानात गिऱ्हाईक घंटा वाजवून निघून जातं.)

काका : बाई, मी बघतो खाली.

ताई : राहू द्या. काका, उद्या भट्टी तुम्ही लावा. मी नसेन. किती वाजता येतात गं त्या डॉक्टरीणबाई?

धाकटी : नऊला.

ताई : चिमणीला उपाशीपोटी न्यायचं का?

धाकटी : नाही, गरज नाही.

ताई : मग तिचा पाव आजपासून बंद. आत्तापासून. बिस्कीट नाही, टोस्ट नाही, काही नाही. सगळं वेगळं करते तिचं. भांडीसुद्धा नवीन आणते.

धाकटी : बंद नाही करायचा, ताई.

ताई : म्हणजे?

धाकटी : गहू बंद केला तर तपासणीत काही सापडत नाही. आधी रक्त, मग लागलं तर नळी घालून आतड्याचा तुकडा काढतात. महिनाभर तरी जाईल. तोपर्यंत तिने रोजच्यासारखा पाव खायला हवा.

ताई : हे सगळं माहीत असून? मी माझ्या हाताने द्यायचा तिला?

धाकटी : तुला सवय आहे.