तळहातावरचं बोलणं

पाचोऱ्याच्या आमच्या सुमनवहिनी जन्मापासून मुक्या-बहिऱ्या. आमच्याशी त्या हातवारे करून बोलायच्या, पण त्यांची सासू, म्हणजे माझी काकू, आंधळी. तिच्यासाठी वहिनींनी वेगळीच भाषा काढली होती, तळहातावर बोटाने रेघा ओढायच्या आणि टिचक्या मारायच्या. दोघी तासन्‌तास तशा बोलत बसायच्या.

सत्त्याऐंशी साली भरदुपारी काकू गेली. वैद्यांनी नाडी पाहून मान हलवली. बाहेर तिरडी बांधायला घेतली. काकूचा हात धरून बसलेल्या वहिनी अचानक माझ्याकडे वळल्या आणि ओंजळ तोंडाला लावून दाखवू लागल्या.

"वहिनींना पाणी हवंय," मी काकांना म्हणालो.

वहिनींनी जोरात मान हलवून काकूकडे बोट केलं.

काका हळूच म्हणाले, "दुखमा येडी व्हई गयी ती. बाजूले कर तिले."

मी त्यांना उठवायला गेलो, तर त्यांनी माझाच हात ओढून काकूच्या हातात दिला. तो हात गार होता. आणि माझ्या तळव्यावर एक बोट सावकाश फिरत होतं. एक रेघ, एक टिचकी, पुन्हा रेघ.

मी चमच्याने पाणी घातलं. काकूने घोट गिळलेला सगळ्यांनी पाहिला.

काकू पुढे तीन वर्षं जगली, पण सुमनवहिनींचा हात हातात असल्याशिवाय एकदाही झोपली नाही.